बागेचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं: घरच्या बागेत कोणतं काम कधी करावं

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की रोपवाटिकांमध्ये गर्दी उसळते. कुंड्या, माती आणि रोपं यांची खरेदी एकाच दिवशी होते. पुढच्या आठवड्यात झड लागते, नवी माती चिखल होऊन बसते, रोपं पिवळी पडतात आणि मंडळी म्हणतात, "आमच्या हाताला झाडं येतच नाहीत." हाताचा काही दोष नसतो, वेळ चुकलेली असते. पावसाळ्याची तयारी मेमध्ये करावी, हिवाळी भाज्यांची भर पावसात ऑगस्टमध्ये आणि उन्हाळी वेलांची संक्रांत झाल्यावर थंडीतच. ऋतूचं काम आदल्या ऋतूत उरकायचं, एवढं ध्यानात ठेवलं तरी नवख्या माणसाची निम्मी फजिती टळते.

इथे दिलेलं वेळापत्रक पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर या सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातल्या घरगुती बागेसाठी आहे. बाग गच्चीवरच्या कुंड्यांची असो, बाल्कनीतली असो की घरामागच्या चार वाफ्यांची. कोकणात आणि विदर्भात काय बदलतं ते शेवटी सांगितलं आहे.

वेळ ओळखायच्या तीन खुणा

पहिली खूण नक्षत्रांची. आपले शेतकरी पावसाळा नक्षत्रांवर मोजतात, आणि त्यात मोठी सोय आहे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, त्यामुळे ही नक्षत्रं दरवर्षी जवळपास त्याच तारखांना लागतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ ऑगस्टला, पूर्वा ३० ऑगस्टच्या सुमारास, उत्तरा १३ सप्टेंबरला, हस्त २७ सप्टेंबरला, चित्रा १०-११ ऑक्टोबरला आणि स्वाती २३-२४ ऑक्टोबरला. आपले बहुतेक सण मात्र चंद्राच्या तिथीवर चालतात आणि वर्षागणिक मागेपुढे सरकतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला आहे. अठरा दिवसांचा हा फरक बागेत फार मोठा असतो. म्हणून "गणपती झाले की रोपं लावायची" असा हिशोब धरू नका. संक्रांत तेवढी सूर्यावर चालते, तिच्यावर विसंबायला हरकत नाही.

दुसरी खूण वाफशाची. मातीत ओल आहे, पण हवाही खेळते आहे, अशी स्थिती म्हणजे वाफसा. चार बोटं खोलवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. बोटांमधून पाणी निथळलं किंवा माती तळव्याला चिकटली, तर अजून थांबा. गोळा झालाच नाही आणि माती भुरभुर सांडली, तर आधी पाणी द्या. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारताच फुटला, की वाफसा आला. पेरणी, रोपांची लावणी, खुरपणी, खत मिसळणं ही सगळी कामं वाफशावरच करायची. चिखलात खुरपं घातलं की माती दाबली जाते आणि वाळल्यावर तिचं ढेकूळ होतं. पंचांगातला मुहूर्त चुकला तर चालेल, वाफसा चुकवू नका.

तिसरी खूण म्हणजे मागे मोजणं. भाजी कधी हवी ते आधी ठरवा आणि तिथून दिवस मागे मोजा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाताशी येते, पालक महिन्यात, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. भेंडी आणि काकडीला दीड महिना लागतो. टोमॅटोचं रोप लावल्यापासून पहिलं पिकलेलं फळ यायला दोन-अडीच महिने, आणि त्याआधी रोप तयार व्हायला महिना. कोबी-फ्लॉवरचंही गणित जवळपास असंच. गाजराला ऐंशी-नव्वद दिवस, लसणाला चार-साडेचार महिने, हळदीला आठ-नऊ महिने. हे आकडे वहीत उतरवून ठेवा. पालेभाजी एकदम सगळी पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरली तर हिवाळाभर ताटात राहते.

मे: माती, निचरा आणि कंद

हा महिना वरवर रिकामा दिसतो. माझ्या मते वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम मात्र याच महिन्यात होतं.

जुन्या कुंड्यांमधली माती बाहेर काढा, मुळांचं जाळं झाडून टाका आणि माती कडक उन्हात पातळ पसरा. टोमॅटो, भेंडी किंवा वांग्याच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील तर मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत असं समजा. अशी माती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक कडा दाबून अंथरा आणि चार ते सहा आठवडे तशीच राहू द्या. आतली वाफ सूत्रकृमी, बुरशी आणि तणाचं बी यांचा बराचसा निकाल लावते. त्यासाठी सुरुवात एप्रिल संपता संपता करावी लागते. काळं प्लॅस्टिक इथे कामाचं नाही, ऊन आत जायला हवं.

माती तापली की ती भरायची. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा चुरलेला पालापाचोळा आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. गच्चीवर वजनाची चिंता असेल तर पालापाचोळ्याचं प्रमाण वाढवा. शेणखत घेताना हातात घेऊन पाहा. चांगलं कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं आणि त्याला पावसाळी मातीचा वास येतो. त्यात पांढरी, जाडजूड, अर्धगोल वळलेली अळी दिसली तर ती बहुधा हुमणी. वळवाच्या पहिल्या सरींनंतर तिचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. पुढे जुलै ते सप्टेंबर अळ्या मुळं कुरतडतात आणि हिरवंगार झाड एका आठवड्यात माना टाकतं. अर्धकच्चं खत चाळून घेतलं आणि अळ्या वेचल्या, तर ही आपत्ती दारातच थांबते.

पाऊस यायच्या आधी प्रत्येक कुंडीचं तळाचं छिद्र मोकळं आहे ना ते सळई घालून पाहा. कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा. कुंड्या विटांवर चढवा म्हणजे पाणी वाहून जाईल आणि गच्चीही ओल धरणार नाही. गच्चीवरच्या पन्हळीची जाळी साफ करा. वेलांचा मांडवही आत्ताच बांधा. वेल हातभर वाढल्यावर बांबू रोवायला गेलात तर मुळं तुटतात.

हळद आणि आलं याच महिन्यात लावायचं. अक्षय्य तृतीयेला हळद लावायची रीत अनेक घरांत आहे. दोन-तीन डोळे असलेला कंदाचा तुकडा दोन इंच खोल, डोळे वर करून पुरा. कुंडीपेक्षा पसरट ग्रो बॅग बरी, कारण कंद आडवे वाढतात. आल्याला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, त्यामुळे त्याच्या मातीत पालापाचोळा जास्त घाला. अळूचे कंदही लावून टाका. श्रावणात अळूवडीला पानं हवी असतील तर हीच वेळ.

बियाण्याची परीक्षाही आत्ताच घ्या. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने मोजा. सात-आठ उगवल्या तर बी चांगलं, पाचच उगवल्या तर दुप्पट पेरा, त्याहून कमी असतील तर नवं आणा. कांद्याचं बी एका वर्षात निकामी होतं. टोमॅटो, दुधी, भोपळा यांचं नीट ठेवलेलं बी तीन-चार वर्षं टिकतं.

मृग ते आश्लेषा: पेरणी आणि रुजवण

पहिल्या सरीला भुलू नका. मृगाच्या एका सरीने वरची दोन बोटं माती भिजते, खालची तापलेलीच असते. कुंडीभर ओल गेली आणि हवेतला तापटपणा ओसरला की पेरणीला लागा. ही वेळ बहुधा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते.

भेंडी, गवार, चवळी, घेवडा, काकडी, दुधी, दोडका, कारलं, घोसाळं, पडवळ यांचं बी थेट जागेवर टोकायचं. या भाज्यांना रोप उपटून दुसरीकडे लावलेलं आवडत नाही. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. कारल्याचं कवच टणक असतं, त्याला चोवीस तास लागतात. वांगी आणि मिरचीची रोपं मेअखेरीस बी टाकून तयार ठेवली असतील तर आर्द्रात लावा. तोंडलीचं बी शोधत बसू नका, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी खोचली की झालं.

आषाढ हा रुजवणीचा महिना. हवेत इतका दमटपणा असतो की जास्वंद, मोगरा, अनंत, कण्हेर, बोगनवेल यांची वीतभर फांदी मातीत खोचली तरी मुळं धरते. खालची पानं काढून टाका, वर दोनच ठेवा आणि कुंडी सावलीत ठेवा. लिंबू, डाळिंब, पेरू यांची गुटी बांधायलाही जून-जुलैच चांगला. फांदीची इंचभर साल गोलाकार काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं. दीड-दोन महिन्यांत पांढरी मुळं बाहेरून दिसू लागतात.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर मागे मोजायचा नियम इथे लावा. रोप तयार व्हायला पंचवीस-तीस दिवस, लावल्यापासून फुलायला दीड-दोन महिने. म्हणजे दसऱ्याच्या तीन महिने आधी बी मातीत हवं. २० ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी १५ ते २० जुलै हा काळ योग्य. रोपाला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडा. झाड बुटकं, फांद्यांनी भरलेलं होतं आणि तोरणापुरती फुलं एकाच झाडावर मिळतात.

शेवंतीची बाळरोपं पावसाळ्याच्या सुरुवातीला वेगळी करून लावा आणि ऑगस्ट मध्यापर्यंत दोन-तीनदा शेंडे खुडा. त्यापुढे खुडू नका. शेवंती लहान दिवसांची फुलं देणारी आहे. रात्र लांबली की तिला कळ्या धरायची खूण मिळते. फाटकावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर रात्र झालीच नाही असं तिला वाटतं आणि दिवाळी उलटून गेली तरी कळी येत नाही. जागा बदलली की प्रश्न सुटतो.

वेल फुलू लागले की दर वर्षी एक तक्रार येते: "फुलं भरपूर, फळ एकही नाही." पहिले दहा-पंधरा दिवस वेलावर नुसती नरफुलं येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नंतर मादीफुलं येतात. फुलाच्या मागे बारीकशी दुधी किंवा काकडी दिसली की ती मादी. शहरात कीटक कमी असतील तर परागीभवन हाताने करावं लागतं, आणि त्याचीही वेळ आहे. काकडी, भोपळा, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा त्यांचं काम नऊच्या आत उरका. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात. दुधीच्या वेलापाशी दिवेलागणीला उभं राहून पाहा. दिवसभर मिटलेली पांढरी फुलं अंधार पडता पडता उघडतात, त्यांच्या पाकळ्या पातळ मलमलीसारख्या चुरगळलेल्या असतात. एक नरफूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. एका नरफुलात दोन-तीन मादीफुलं होतात. तीन-चार दिवसांनी दुधीचं इवलं फळ पिवळं पडण्याऐवजी फुगू लागलं की काम फत्ते.

पावसाळ्यात खत कमी, लक्ष जास्त. झडीत दिलेलं खत वाहून जातं, म्हणून उघडीप मिळाल्यावरच मूठ-मूठ द्या आणि त्याच वेळी खुरपणी करून बुडाला भर लावा. गोगलगायी रात्री निघतात. ओलं पोतं संध्याकाळी वाफ्यात पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. मीठ मातीवर मात्र टाकू नका. गोगलगाय जाईल, पण माती बिघडेल. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, त्यामुळे एक-दोन दिसल्या तरी दुर्लक्ष करू नका.

मघा ते हस्त: हिवाळ्याची रोपं

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. पाऊस चालू असताना कोबीचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. दिवाळीत थंडीची चाहूल लागल्यावर बी शोधलं जातं, रोप तयार होईतो डिसेंबर येतो आणि गड्डा भरायच्या वेळी उन्हं तापू लागतात.

टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांचं बी मघा-पूर्वात, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये टाका. ट्रे पत्र्याखाली किंवा खिडकीच्या छज्ज्याखाली ठेवा, उजेड भरपूर आणि पाऊस अंगावर नाही अशी जागा. या दमट हवेत रोपं बुंध्याशी सडून आडवी पडतात, त्याला रोपमर म्हणतात. त्यावर तीन उपाय: बी विरळ पेरा, पाणी सकाळीच आणि बारीक झारीने द्या, मातीत ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळा. रोप चार-पाच पानांचं झालं की आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन दाखवत जा आणि मग उत्तरा-हस्तात संध्याकाळच्या वेळी लावा.

टोमॅटोबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण प्रत्येक नव्या बागेत तो असतोच. त्याला फळ धरायला रात्रीचं तापमान १५ ते २० अंश लागतं. दिवस ३५ च्या वर आणि रात्री २५ च्या आसपास गेल्या की पराग निकामी होतो आणि फुलं देठापासून गळतात. त्यावर कुठलंही टॉनिक चालत नाही. सप्टेंबरअखेर लावलेलं रोप नोव्हेंबर ते फेब्रुवारी फळतं, ती हवा त्याला मानवते. मार्चमध्ये उत्साहाने आणलेलं रोप पानांनी बहरतं आणि हात रिकामे ठेवतं.

चित्रा-स्वाती: ऑक्टोबरची धांदल

पाऊस परतला की वर्षातले सर्वांत कामाचे तीन आठवडे सुरू होतात. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" असं म्हणतात. कोरडवाहू रब्बीला तो पाऊस सोन्याचा आहे. कुंडीतल्या बागेने मात्र त्याची वाट बघत बसू नये.

मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर, बीट, मटार आता थेट पेरा. गाजर, मुळा आणि बीट उपटून लावू नका, मूळ दुभंगतं. कोथिंबिरीसाठी धणे चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, म्हणून उकरून बघू नका. लसणाच्या पाकळ्या निमुळतं टोक वर ठेवून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा. बाहेरच्या जाड पाकळ्या लावायला, आतल्या बारीक फोडणीला.

गुलाबाची छाटणी याच महिन्यात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. आधी पाच-सहा दिवस पाणी कमी करा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवी, नाहीतर फांदी चिरडते. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. उरलेल्या जोमदार चार-पाच फांद्या गुडघाभर उंचीवर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर तिरक्या कापा. काप डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता असावा म्हणजे पाणी डोळ्यावर येत नाही. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. मग माती मोकळी करून खत आणि भरपूर पाणी. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पहिला बहर येतो. नाताळला फुलं हवीत तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटा, हिशोब तोच.

लिंबाचा बहर

लिंबाच्या झाडाकडे वर्षभर सारखंच पाणी घालत राहिलात तर ते पानांनी डवरतं आणि फळं इकडे एक तिकडे एक देतं. त्याला बहर धरावा लागतो. आपल्याकडे तीन बहर: जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, त्याची फळं जून-जुलैत. जून-जुलैत फुलतो तो मृग बहार, फळं नोव्हेंबर-डिसेंबरात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतो तो हस्त बहार, फळं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे सरबताच्या दिवसांत. सगळ्यांना हवा असतो हस्त बहार, आणि तोच अवघड, कारण ताण द्यायच्या वेळी पाऊस चालू असतो. जमिनीतल्या झाडाला तो ताण बसतच नाही. कुंडीवाल्यांची मात्र चैन आहे, कुंडी उचलून छपराखाली ठेवता येते.

ताण म्हणजे पाणी तोडणं. पानं मलूल होऊन पिवळी पडू लागली, काही गळली, की ताण बसला. कुंडीत त्याला आठ-पंधरा दिवस पुरतात, जमिनीत महिना-दीड महिना लागतो. मग माती मोकळी करा, दोन-तीन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या, पहिल्या दिवशी बेताचं पाणी आणि चार दिवसांनी भरपूर. कोवळ्या पालवीबरोबर फुलं येतात. त्यानंतर पाण्यात खंड पडू देऊ नका, फळं सुपारीएवढी असतानाच गळतात. नवख्याने पहिल्या वर्षी आंबे बहार धरावा. डिसेंबरात हवा कोरडी असते, ताण सहज बसतो. झाड तीन वर्षांचं होईपर्यंत मात्र ताण देऊच नका.

अंगणात आंबा असेल तर त्यालाही नोव्हेंबरपासून मोहोर दिसेपर्यंत पाणी देऊ नका. फळं वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करा.

थंडीचे दिवस

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि झाडांची चाल मंदावते. पाणी सकाळी ऊन आल्यावर द्या, संध्याकाळी ओली राहिलेली पानं रोगाला आमंत्रण देतात. मटार आणि वेलांवर पांढरी भुकटी टाकल्यासारखं दिसलं तर ती भुरी, ती पानं काढून टाका. ढगाळ हवा आली की कोबी-मुळ्यावर मावा येतो, त्यावर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. कढीपत्ता या दिवसांत वाढत नाही, त्याला खत घालून काही उपयोग नाही. फेब्रुवारीअखेर छाटून मग खत घाला.

मोगऱ्याला डिसेंबरअखेर पाणी तोडा, जानेवारीत एक-तृतीयांश छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, खत-पाणी सुरू करा. मार्चपासून ओंजळी भरतात. हळदीची पानं पिवळी पडून आडवी झाली की कंद काढायला आले. थोडे निवडून सावलीत राखून ठेवा, मेमध्ये तेच लागतील.

संक्रांत ते एप्रिल

संक्रांतीनंतर दुधी, काकडी, दोडका, कारलं यांचं बी कागदी कपात पेरून उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि थंडी ओसरताच फेब्रुवारीच्या मध्याला लावा. भेंडी, गवारही तेव्हाच. हे सगळं मार्चच्या आत जमिनीत स्थिरावलं पाहिजे, चैत्राच्या उन्हात कोवळं रोप तग धरत नाही. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण याच काळात वाढतो. दिसताच पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, मुंग्यांची रांग तोडा, शेंडा फारच बरबटला असेल तर कापून पिशवीत बांधून फेका.

मार्चअखेर पन्नास टक्के सावली देणारी ग्रीन नेट बांधा आणि प्रत्येक कुंडीत तीन-चार बोटं पालापाचोळ्याचं किंवा रसवंतीवरून आणलेल्या चिपाडाचं आच्छादन घाला. पाणी पहाटे द्या, फार ऊन असेल तर संध्याकाळी पुन्हा. भर दुपारी रबरी नळीतून निघणारं पहिलं पाणी कढत असतं, ते झाडावर घेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये कलम, छाटणी, कुंडी बदलणं, खत यांतलं काहीही नको.

कोकणात आणि विदर्भात

कोकणात आणि गोव्यात पाऊस इतका पडतो की पावसाळ्यात जमिनीला वाफसाच येत नाही. तिथे भेंडी उंच वरंब्यावर लावा आणि बाकी भर मांडवावर द्या: पडवळ, दोडका, आणि चतुर्थीच्या माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीला) किंवा नैवेद्याला लागणारं तवसं, म्हणजे मोठी पावसाळी काकडी. पालेभाज्यांचा खरा हंगाम भातकापणीनंतर, नोव्हेंबरात सुरू होतो, तेव्हा लाल माठ, मुळा, चवळी, वाल लावा. तिथल्या रात्री मटाराला उबदार पडतात, त्याच्या नादी लागू नका. गुलाबापेक्षा अबोली, अनंत, सोनचाफा लावा, त्यांना ती हवा मनापासून मानवते.

विदर्भात थंडी चांगली पडते, त्यामुळे मटार आणि गाजर पुण्यापेक्षा सरस होतात. मात्र पारा मेमध्ये ४५ अंशांना भिडतो आणि उन्हाळा लवकर येतो. म्हणून सगळं हिवाळी काम आठ-दहा दिवस आधी उरका आणि नेट मार्चच्या मध्यालाच बांधा. संत्र्या-लिंबाच्या आंबे बहाराला तिथे आंबिया म्हणतात, तो धरायचा तर डिसेंबरातला ताण चुकवू नका. उन्हाळी वेल जानेवारीअखेरच जमिनीत हवेत. एप्रिलपासून पश्चिमेकडचं ऊन अडवायला मांडवाच्या त्या बाजूला जुनी साडी किंवा पोतं बांधलं तर काकडीचा वेल आणखी तीन-चार आठवडे चालतो.